पाण्याखालचं कुंपण

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही लिटीने नाताळात दिली. म्हणाली, "आई, तू दिवसभर बोलतेस, बाबा ऐकून ऐकून दमतात. थोडं कागदालाही सांग." सुवा शहरात नर्सिंग शिकायला गेल्यापासून कार्टी फार शहाणी झालीय. महिनाभर वही तांदळाच्या डब्यावर पडून होती. आज नदी गढूळ आहे, पाण्यात उतरता येत नाही, म्हणून म्हटलं चला.

तर मी मेरेसेइनी. फिजीतल्या रेवा नदीच्या काठी आमचं गाव, समुद्र जवळ, त्यामुळे भरती-ओहोटी नदीतही कळते. मी बुडी मारून शिंपल्या काढते आणि शनिवारी नाउसोरीच्या बाजारात विकते. नवरा आपेनिसा. काठच्या सपाटीवर त्याचं अळूचं शेत आहे, बाजूला थोडा कसावा, तोही कंदच. चारचौघांत मी त्याला 'लिटीचे बाबा' म्हणते, नाव घेत नाही. पण इथे कोण ऐकतंय! आपेनिसा, आपेनिसा, आपेनिसा. घ्या.

डुकरं अळू उकरतात म्हणून यंदा त्याने शेताला काटेरी तारेचं नवं कुंपण घातलं. महिनाभर खपत होता, बोटं सोलून निघाली. संध्याकाळी पायरीवर बसून त्या कुंपणाकडे असा बघत राहतो की लग्नात माझ्याकडेही तसं बघितलं नसेल.

८ फेब्रुवारी, शनिवार

बाजार दणक्यात झाला! दुपारच्या आत माझ्या सगळ्या शिंपल्या संपल्या. शेजारी सोवाइया बसली होती, तिचा ढीग तसाच. म्हणाली, "तुझ्या शिंपल्या लोक घेतात कारण तुझं तोंड बंद करायला दुसरा उपाय नाही." मी म्हटलं, "आणि तुझं तोंड बघूनच पळतात." मग तिने माझी नवीकोरी छत्री उचलली आणि चालू पडली.

छत्री गेली ती गेलीच. सोवाइयाचं माहेर आणि माझं माहेर एकाच पूर्वजाचं, म्हणून आम्ही तौवू. तौवूने तोंडाला येईल ते बोलावं, हाताला लागेल ते न्यावं, आणि समोरच्याने हसावं. रागावलीस तर तुझीच नाचक्की. मागच्या वर्षी मी तिचा तवा आणला होता, त्यात अजून माशाची आमटी करते. म्हणजे छत्री फिटली म्हणायची.

पाऊस थांबत नाही. आपेनिसा दोनदा नदी बघून आला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कुठून सांगू!

रविवारी प्रार्थना चालू असतानाच पाणी देवळाच्या पायरीला लागलं. पाद्रीबाबांनी शेवटचं भजन अर्ध्यात सोडलं, आणि अख्खं गाव चटया, भांडी, कोंबड्या, म्हाताऱ्या घेऊन टेकडीवरच्या शाळेकडे. मी शिवणयंत्र डोक्यावर घेतलं. सोवाइया मागून ओरडतेय, "अगं, नवऱ्याला घे आधी, यंत्र नंतर!" मी म्हटलं, "नवऱ्याला पाय आहेत!" पावसात, चिखलात, आम्ही दोघी हसतोय. वेड लागलं होतं बहुतेक.

पण आपेनिसा आमच्यामागे आलाच नव्हता. तो शेतावर गेला होता, निघतील तेवढे कंद काढायला. मी शाळेच्या दारात उभी. अंधार पडायच्या आधी आला, खांद्यावर अर्धं पोतं अळू आणि गुडघ्यापर्यंत चिखल. मी त्याला इतकं बोलले, इतकं बोलले की शाळेतली पोरं रडायची थांबून माझ्याकडे बघायला लागली.

आज पाणी उतरलं. घर उभं आहे, भिंतीवर कमरेएवढी चिखलाची रेघ. शेत मात्र नाही. म्हणजे बुडलंय, खराब झालंय, असं नाही. नाहीच. नदीने वळण सोडून सरळ आत वाट काढली आणि आमच्या शेतावरून वाहू लागली. आपेनिसा नव्या काठावर उभा होता आणि पलीकडच्या फणसाच्या झाडाकडे बोट दाखवून म्हणाला, "त्या झाडाच्या रेषेत माझं फाटक होतं." मग घरी येऊन चिखल उपसायला लागला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आणि माझीही जागा गेली. पुलाखालच्या वळणावर आम्ही सगळ्या बायका शिंपल्या काढतो. आज उतरलो तर पायाला नुसता मऊ चिखल. हात खांद्यापर्यंत खुपसला तरी एक शिंपली लागत नाही. वाळू, शिंपल्या, सगळं एकतर गाडलं गेलं किंवा वाहून गेलं.

एरवी शेत बुडालं की माझ्या शिंपल्यांवर घर चालतं. शिंपल्या नसल्या की त्याच्या अळूवर. यंदा दोन्ही हात एकदम मोडले. सरकारी तांदूळ आणि डब्यातला मासा आलाय. लिटीला फोनवर सांगितलं, सगळं छान आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज गावात ऑस्ट्रेलियाच्या कामाचा माणूस आला होता. सफरचंदं तोडायची, नऊ महिने. टेकडीवर कसावा लावला तर तो हाताशी यायलाही तेवढेच महिने लागतात, म्हणजे हिशोब बरोबरच आहे. बऱ्याच पुरुषांनी नावं दिली. आपेनिसानेही.

घरी येऊन म्हणाला, "नाव दिलंय. निवड झाली तर पुढच्या महिनाअखेरीला बस येईल. तुला चालेल?"

मी म्हटलं, "चालेल म्हणजे? धावेल! येताना वॉशिंग मशीन आणा. मोठं, वरून झाकणाचं."

तो म्हणाला, "बरं." आणि पायरीवर जाऊन बसला.

आता खरं लिहिते, कारण ही वही माझी आहे. मला तो जायला नकोय. एक दिवससुद्धा नकोय. पण मी रडले असते तर त्याचा पाय घुटमळला असता, आणि घरात आहे काय? वरच्या घरातली लुसियाना मागच्या वर्षी नवरा असाच निघताना रडली, तो अर्ध्या वाटेवरून परत आला, आणि लोक दोघांना अजून हसतात. मी नाही तसं करणार. मी वॉशिंग मशीनचंच बोलत राहणार.

६ मार्च, गुरुवार

सापडल्या! सापडल्या! सापडल्या!

किंचाळावंसं वाटतंय, पण किंचाळले तर सगळं गाव येईल, म्हणून लिहितेय.

पाणी आता निवळलंय. सकाळी कपडे धुवायला नव्या काठावर गेले होते. साबण हातातून सुटला म्हणून खाली वाकले, आणि बोटांना काय लागावं? शिंपली. तिच्याशेजारी दुसरी. तिच्याखाली तिसरी! चांगल्या तळहाताएवढ्या, काळ्याभोर. कपडे तिथेच टाकले आणि बुडी मारली. काय सांगू, आमच्या शेतात शिंपल्यांचं पीक आलंय! वरच्या अंगाची वाळू वाहत आली असणार आणि आमच्या कुंपणाने ती अडवली. कुंपण अजून खालीच आहे. एका खांबाला माझा हात लागला.

भिजलेल्या चादरीत बांधून आणल्या. आपेनिसाने विचारलं, "कुठे मिळाल्या?" मी सांगितलं, "वरच्या वळणाला." त्याला आत्ताच सांगायचं नाही. बसच्या आधी इतकं कमवायचं, इतकं कमवायचं, की टेबलावर पैसे ठेवून सहज म्हणायचं, "अहो लिटीचे बाबा, कशाला जाता एवढ्या लांब? इथे काय कमी आहे?" रडायचं नाही, नुसतं सहज म्हणायचं. कसा चेहरा होईल त्याचा!

चादरीला तारेचा एक तुकडा अडकून आला होता. आपेनिसा तो हातात फिरवत किती तरी वेळ बसला होता. बोट कापेल, टाका तो, म्हटलं तर खिशात घातला.

८ मार्च, शनिवार

बाजारात शिंपल्या फक्त माझ्याकडे! बाकीच्या बायका भाजी घेऊन बसलेल्या, आणि माझ्यापुढे रांग. एका हॉटेलवाल्याने पुढच्या आठवड्याचंही सांगून ठेवलंय. सोवाइया समोरून दोनदा गेली. एकदा शिंपली उचलून वास घेतला. म्हणाली, "वरच्या वळणाच्या शिंपल्यांना असा वास येत नाही." मी म्हटलं, "तो तुझ्या नाकाचा वास असेल." हसली, पण माझ्याकडे बघत हसली.

१२ मार्च, बुधवार

पकडली गेले.

रोज उजाडताना मी टोपली घेऊन वरच्या वळणाकडे निघायची, सगळ्यांना दिसेल अशी, आणि बांबूच्या बेटामागून वळून परत शेताकडे. स्वतःला फार हुशार समजत होते. आज बुडीतून वर येते तर काठावर माझ्याच छत्रीखाली सोवाइया बसलेली.

"वरचं वळण बरंच खाली सरकलं गं," म्हणाली.

मी म्हटलं, "हे आमचं शेत आहे. लिटीच्या बाबांनी कुंपण घातलंय."

"अस्सं? मग अळू काढ की. शिंपल्या कशाला काढतेस?" आणि उतरली पाण्यात. माझ्या टायरच्या ट्यूबवर घमेलं तरंगत होतं. त्यातल्या अर्ध्या शिंपल्या तिने सरळ आपल्या पोत्यात ओतल्या. तौवू! काय बोलणार? मी हसले. दात दुखेपर्यंत हसले.

जाताना म्हणाली, "जमीन तुमच्या घराण्याची असेल गं, पण पाणी गावाचं. नदीने पाय टाकला ना तुझ्या शेतात? मग आम्हीही टाकणार."

मनातून इतका संताप आला की काय सांगू. आणि ती खरं बोलतेय म्हणून जास्तच आला. पुलाखालचं वळण ज्या घराण्याच्या जमिनीला लागून आहे, तिथे मी वर्षानुवर्षं उतरले, मला कधी कोणी अडवलं का?

१३ मार्च, गुरुवार

गावातल्या झाडून सगळ्या बायका आमच्या शेतात. जत्राच! ट्यूब, घमेली, गाणी, खिदळणं. खरं सांगायचं तर एकटीपेक्षा मजा आली.

पण तारेने घात केला. काठाच्या बाजूला ठीक आहे, आत खोल पाण्यात कुंपण आडवंतिडवं पडलंय, आणि खरा ढीग तिथेच. मी पुढे घुसले आणि मांडीवर वीतभर कापलं. सोवाइयाने मला ओढून बाहेर काढलं आणि स्वतःचा रुमाल फाडून बांधला. शिव्या देत बांधला, पण घट्ट बांधला. ठरलं की आत कोणी जायचं नाही, फक्त कडेकडेने.

घरी आपेनिसाने जखम बघितली. विचारलं, "तार?" मी म्हटलं, "दगड." त्याने हळद आणि पानांचा लेप लावला. हात अगदी हलका होता त्याचा. इतका वेळ मान खाली घालून होता की मला वाटलं झोपला.

१८ मार्च, मंगळवार

आपेनिसाची निवड झाली. एकतीस तारखेला सकाळी बस.

लिटीने सुवाहून निळी बॅग पाठवली, चाकांची. फार देखणी आहे. मी त्याचे शर्ट इस्त्री करून भरले आणि मोठ्याने म्हटलं, "येताना हिच्यात वॉशिंग मशीन मावणार नाही हं!" तो हसला नाही.

माणूस विचित्र वागायला लागलाय. दुपारी घरी यावं तर केस ओले, डोळे लाल. विचारलं तर म्हणतो, अंघोळ केली. दिवसातून तीनदा? स्वयंपाकघरामागचं पावसाच्या पाण्याचं पिंप अर्धं रिकामं झालंय आणि भोवती सगळा चिखल. मला वाटतं तिकडे जाण्याआधी डॉक्टर तपासतात म्हणून स्वच्छ राहतोय. की रात्री पुरुषांबरोबर यांगोनाच्या मुळ्यांचं पेय जास्त पितो म्हणून डोळे लाल? की शेत आठवून रडतो? हे शेवटचं असेल तर मला बघवणार नाही, म्हणून मी पिंपाकडे जातच नाही.

काल जेवताना विचारतो, "तू पाण्याखाली एवढा वेळ कशी राहतेस?" वीस वर्षांत एकदा विचारलं नाही! मी म्हटलं, "आधी पोट रिकामं करायचं, मग छाती भरायची, आणि खाली गेल्यावर घाई करायची नाही. घाई केली की दम संपतो." त्याने मान हलवली. हा माणूस नदीकाठी जन्मला, पण मान पाण्याखाली घालत नाही. लहानपणी एकदा बुडता बुडता वाचलाय.

आणि बाजारातून पोहायचा चष्मा घेऊन आला. मी विचारलं हे काय? म्हणाला, "ऑस्ट्रेलियात धूळ फार असते म्हणे." लागेल तर लागेल बापडा.

२५ मार्च, मंगळवार

कडेच्या शिंपल्या संपल्या. आज एवढ्या बायका मिळून एक घमेलं भरलं नाही. जे जमलंय त्यात तेल, साबण, तांदूळ, लिटीचं खोलीभाडं. टेबलावर ठेवून 'सहज' म्हणायला काही उरलेलं नाही.

आत ढीग पडलाय, अगदी हाताच्या अंतरावर, आणि हात घालता येत नाही. स्वतःच्याच कुंपणाने स्वतःलाच बाहेर ठेवलं.

संध्याकाळी भांडण झालं. मी बॅगची चेन लावून बघत होते, तर म्हणाला, "तुला फार घाई झालीय मला पाठवायची." मी म्हटलं, "मग! दारात मशीन कधी येतंय असं झालंय मला." तो उठून बाहेर गेला. पक्कड शोधत होता, सापडली नाही म्हणाला. ती तर खिळ्यालाच असते. कुठे नेऊन टाकली कोण जाणे.

सहा दिवस उरले. देवा, मी किती मूर्ख आहे, एक साधं वाक्य तोंडातून निघत नाही. एरवी दिवसभर बडबडते.

२८ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते सगळं लिहिणार, वही संपली तरी चालेल!

उद्याच्या बाजारासाठी आम्ही बायका सकाळीच पाण्यात होतो, कडेला, चाचपडत. इतक्यात सोवाइया ओरडली, "अगं बाई, हे कोण आलं!" वर बघते तर काठावर आपेनिसा. सुलू, म्हणजे लुंगी, कमरेला घट्ट खोचलेली, अंगात खिशांचा जुना शर्ट, कमरेला दोरीने पक्कड बांधलेली, आणि डोळ्यांवर तो चष्मा. धुळीचा.

बायकांनी असा गलका केला की पलीकडच्या काठावरच्या गाई उठल्या. "काय हो, पुरुषांत कोणी विचारत नाही म्हणून बायकांत आलात?" "शिंपल्या काढणार? मग उद्यापासून चटयाही विणा!" सोवाइया म्हणाली, "मेरेसेइनी, तुझा नवरा तुझा धंदा घेतोय, तू जा सफरचंदं तोडायला!"

मला तर पाण्यात विरघळून जावंसं वाटलं. म्हटलं, "लिटीचे बाबा, काय हे?"

तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी कुंपण काढायला आलोय. कुंपण माझं आहे. शिंपल्यांशी माझा काही संबंध नाही, ते बायकांचं काम." आणि नाक दाबून खाली गेला.

लगेच वर आला, खोकत, डोळे पांढरे. हसून हसून बायकांची घमेली उलटली. दुसऱ्यांदा गेला. या वेळी थांबला. आणि मला ते पिंप आठवलं. अर्धं रिकामं पिंप, ओले केस, लाल डोळे! अगं बाई. हा माणूस दहा दिवस पिंपात डोकं घालून बसत होता.

वर आला तेव्हा हातात तारेचं टोक होतं. मग कोणी हसलं नाही.

त्याने पलीकडचं फणसाचं झाड बघितलं, आणि छातीभर पाण्यात असा चालायला लागला जसा रोज सकाळी शेतातून चालायचा. "इथे पाण्याचा चर. पाय जपा. इथे फाटकाचा खांब. इथून वळतं." डोळे मिटून सुद्धा चालला असता. खाली जायचा, पक्कडीने तार तोडायचा, टोक आमच्या दोरीला बांधायचा, आणि आम्ही सगळ्या जणी काठावरून ओढायचो. सोवाइया हाळी द्यायची, आम्ही ओढायचो. खांब सुटला की आरोळी! पोरं काठावर नाचत होती. मला इतका आनंद होत होता की मांडीची जखम उकलली तेही कळलं नाही.

शेवटचा कोपरा राहिला, सगळ्यात खोल. तो खाली गेला.

आम्ही दोरी धरून उभ्या. दोरी हलली नाही. सोवाइयाची हाळी थांबली. थोडे बुडबुडे आले आणि मग तेही बंद.

मी ओरडले. 'लिटीचे बाबा' नाही ओरडले. "आपेनिसा! आपेनिसा!" नदीच्या दोन्ही काठांवर ऐकू गेलं असेल. आणि उडी मारली. खाली सगळं पिवळं. हाताला त्याचं डोकं लागलं, खांदा लागला, मग कळलं, सुलू तारेत अडकलीय. घाई करायची नाही म्हणून मीच त्याला शिकवलं होतं, आणि मी वेड्यासारखी ओढत होते. मग एकदाच जोर लावला. कापड टराटर फाटलं, आणि आम्ही दोघं वर आलो.

तो खोकला. पाणी ओकला. श्वास घेतला. मी त्याच्या पाठीत दणादण बुक्के घालत होते, रडत होते आणि बोलत होते, सगळ्यांसमोर, एका दमात. "जाऊ नको! ऐकतोस का आपेनिसा, मला नकोयस तू जायला! पहिल्या दिवसापासून तुझं जाणं नको होतं! सफरचंदं सडू देत तिकडे, मी मीठ-कसावा खाईन, जाऊ नको!"

तो गळ्यापर्यंत पाण्यात बसून राहिला. बाहेर निघून जायची सोयच नव्हती, कमरेखाली काही उरलं नव्हतं, सुलू खाली कुंपणाला.

मग म्हणाला, "आणि वॉशिंग मशीन?"

"खड्ड्यात गेलं मशीन!"

"मला वाटलं तुला हवंय. तू रोज तेच बोलायचीस." त्याने चष्मा काढला. "मी म्हटलं, निदान निघायच्या आधी तार काढून द्यावी. तुझ्या मांडीला माझ्याच तारेने कापलं. नऊ महिने तिकडे बसून मला तेच दिसलं असतं."

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि मी वरचं वळण सांगत बसले.

बायकांत कोणीतरी नाक ओढलं. मग सोवाइयाच्या लक्षात आलं की त्याच्या शर्टाचे खिसे फुगलेत. तिने हात घातला आणि एकेक काढून वर धरल्या. शिंपल्या! दोन्ही खिसे गच्च.

"काय हो, कुंपण काढायला आला होतात ना?"

"वाटेत आल्या," तो म्हणाला.

हसू फुटलं ते आवरेना. मी रडतेय आणि हसतेय, तो गळ्यापर्यंत पाण्यात हसतोय. शेवटी सोवाइया म्हणाली, "थांबा, मी सुलू आणते, नाहीतर हे महाराज उद्याच्या बाजारापर्यंत पाण्यातच." आणि आमच्या घराकडे गेली.

आली ती निळी बॅग ओढत. चिखलातून, चाकं खडखडत. तिने उघडली, इस्त्री केलेली सुलू काढून त्याच्याकडे फेकली, बाकीचे शर्ट काठावरच्या झुडपावर उपडे केले, आणि रिकामी बॅग काखेत मारली.

"ही मला आवडली," म्हणाली. "शिंपल्या न्यायला बरी आहे. तौवू."

लुसियाना म्हणाली, "अगं, सोमवारी ते जातील कशातून?"

सोवाइयाने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तो माझा प्रश्न नाही."

मी हसले. या वेळी दात दुखले नाहीत.

२९ मार्च, शनिवार

बाजारात प्रत्येकीपुढे ढीग! काल दुपारभर आतल्या शिंपल्या काढल्या. बायकांनी ठरवलंय की एकदम ओरबाडायच्या नाहीत, एक कोपरा पिल्लांसाठी राखायचा. तो कोपरा आपेनिसाने दाखवला, त्याचं सगळ्यात चांगलं अळू तिथे यायचं म्हणे. शिंपल्यांना त्याचं काय! पण ऐकलं सगळ्यांनी.

सोवाइया बॅगमधून शिंपल्या विकत होती. गिऱ्हाइकांना सांगत होती, परदेशी माल आहे.

३१ मार्च, सोमवार

बस आली. आपेनिसाची जागा खालच्या आळीतल्या एका पोराला मिळाली, त्याचं नाव आधी मागे राहिलं होतं. त्याची आई रडली, बसवाला हॉर्न वाजवत राहिला. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे होतो.

मी घाबरलेलेही आहे, ते लिहायला हवं. शिंपल्या किती दिवस पुरतील माहीत नाही. टेकडीवर त्याने परवापासून कसाव्याच्या काड्या रोवायला घेतल्यात, तो वर्षाअखेरीशिवाय हाताशी येत नाही. पुढच्या पावसात नदी पुन्हा कुठे पाय टाकेल हे कोणाला ठाऊक? काल त्याला हे सगळं सरळ सांगितलं, हसून नाही. तो म्हणाला, "मलाही भीती वाटते." मग आम्ही जेवलो. नारळाच्या दुधातल्या शिंपल्या, वरून मिरची. दोनदा वाढून घेतलं त्याने.

बस वळणाआड गेली. धूळ बसेपर्यंत तो रस्त्याकडे बघत होता. मला वाटलं, आता पस्तावतोय. विचारणार होते, तेवढ्यात त्याने खिशातून चष्मा काढून डोक्यावर चढवला.

"चल," म्हणाला, "ओहोटी लागलीय. शेतावर जाऊ."